बेळगाव सीमाभागातला वारा मोजताना: अल्ट्रासॉनिक ॲनिमोमीटर, ऊस आणि दहा मिनिटांची सरासरी

अल्ट्रासॉनिक ॲनिमोमीटर खांबावर चढवला, लॅपटॉपवर आकडे धावू लागले, की वारा मोजून झाला असं वाटतं. यंत्र बहुतेक वेळा बरोबरच सांगत असतं. चूक होते ती त्याच्या भोवती: खांबाची जागा, उत्तर दिशा, घड्याळ आणि सर्वांत शेवटी सरासरी काढण्याची रीत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यात तर आणखी एक गोष्ट आड येते, ती म्हणजे ऊस. म्हणून यंत्राच्या माहितीपत्रकात नसलेल्या गोष्टींवरच इथे जास्त भर दिला आहे.

आधी यंत्राचं काम थोडक्यात. समोरासमोर दोन ट्रान्सड्यूसर असतात. पहिला ध्वनी सोडतो, दुसरा ऐकतो, मग उलट. वाऱ्याच्या दिशेने जाणारा ध्वनी लवकर पोचतो, वाऱ्याविरुद्ध जाणारा उशिरा. दोघांमधलं अंतर १५ सेंटिमीटर धरलं तर २५ अंश सेल्सिअसला ध्वनीला एका बाजूने जायला साधारण ४३३ मायक्रोसेकंद लागतात, आणि सेकंदाला १ मीटर वारा असेल तर जाण्यायेण्याच्या वेळांत फक्त २.५ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. वेग काढायचा तो असा: अंतराचा निम्मा, गुणिले (एक भागिले जाण्याचा वेळ, वजा एक भागिले येण्याचा वेळ). या सूत्रात ध्वनीचा वेग आपोआप कटून जातो, म्हणजे हवा गरम की थंड याचा वाऱ्याच्या आकड्यावर परिणाम होत नाही. वजाच्या जागी अधिक केलं की ध्वनीचा वेग मिळतो आणि त्यावरून तापमान. अशा दोन जोड्या काटकोनात बसवल्या की आडव्या वाऱ्याचा वेग आणि दिशा दोन्ही हाती येतात.

फिरणारा भाग एकही नाही, हा आपल्याकडे मोठा फायदा. फेब्रुवारी ते मे या काळात उडणारी माती वाट्यांच्या ॲनिमोमीटरच्या बेअरिंगमध्ये शिरते आणि मंद वारा हळूहळू ‘शून्य’ दिसू लागतो. हा बिघाड एकदम होत नाही, म्हणून लक्षातही येत नाही. शिवाय झोत येताना वाट्या चटकन वेग घेतात आणि ओसरताना रेंगाळतात, त्यामुळे खवळत्या वाऱ्यात त्यांची सरासरी थोडी फुगते. अल्ट्रासॉनिकमध्ये हे दोन्ही दोष नाहीत.

शेतीसाठी, हवामान केंद्रासाठी किंवा छोट्या पवनचक्कीच्या अंदाजासाठी दोन अक्षांचं यंत्र पुरे. गिल कंपनीचा विंडसॉनिक हे या वर्गातलं सर्वपरिचित यंत्र: पल्ला सेकंदाला ० ते ६० मीटर (पुढे वेग नुसता मीटरमध्ये दिला असेल तिथेही तो सेकंदाचा धरा), १२ मीटर वेगाला अचूकता २ टक्के, सेकंदाला जास्तीत जास्त ४ नोंदी. पिकातून वर जाणारी वाफ किंवा कार्बन डायऑक्साइड मोजायचा असेल तरच तीन अक्षांचं, सेकंदाला १० ते २० नोंदी देणारं यंत्र लागतं. त्यात खांब १ अंशाने जरी कलला तरी १० मीटरच्या वाऱ्यात ०.१७ मीटरचा खोटा ‘उभा वारा’ दिसतो, त्यामुळे ती वेगळी शिस्त आहे. दोन अक्षांच्या यंत्रात मात्र ५ अंशांच्या कलाने आडव्या वेगात अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक पडतो. तेव्हा पाणसळ लावा, पण त्यावर दिवस घालवू नका.

जागा, खांब आणि ऊस

जागतिक हवामान संघटनेचा नियम सोपा आहे: उंची १० मीटर, मोकळी जागा, आणि कोणताही अडथळा त्याच्या उंचीच्या किमान १० पट दूर. ८ मीटर उंच घर ८० मीटरवर हवं, बांधावरची १५ मीटरची निलगिरीची रांग १५० मीटरवर. सीमाभागातल्या लहान वाटण्यांच्या रानात अशी जागा चारही बाजूंनी मिळणं अवघड. तडजोड करायचीच असेल तर पश्चिम आणि पूर्व मोकळी ठेवा आणि पंपाचं शेड, घर, झाडं उत्तर-दक्षिणेला येऊ द्या. इथला वारा मुख्यतः याच अक्षावर येतो-जातो: पावसाळ्यात पश्चिम-नैऋत्येकडून, हिवाळ्यात पूर्व-ईशान्येकडून. सांबरा विमानतळाच्या धावपट्टीचे क्रमांक ०८ आणि २६ आहेत, म्हणजे ती साधारण ८०-२६० अंशांवर आखलेली आहे. धावपट्टी शक्यतो नेहमीच्या वाऱ्याच्या रेषेत आखतात, हे लक्षात घेतलं की वेगळा पुरावा शोधावा लागत नाही.

बेळगाव शहरातल्या शहापूर-वडगावसारख्या दाट वस्तीत गच्चीशिवाय पर्याय नसतो. तिथे कठड्याला दीड मीटरचा पाइप बांधून मोजलेला वारा हा त्या कठड्याचा वारा असतो. इमारतीच्या काठावरून हवा उसळते, मागे भोवरे पडतात. गच्चीच्या मध्यावर आणि निदान इमारतीच्या निम्म्या उंचीइतका खांब वर घ्या, आणि नोंदींत ‘गच्ची’ असं स्पष्ट लिहा. येळ्ळूरच्या राजहंसगडासारख्या टेकडीच्या माथ्यावर याच्या उलट होतं: चढावर हवा दाबली जाऊन वेग वाढतो. तो आकडा खोटा नसतो, पण खालच्या शिवाराला लागू पडत नाही.

आता ऊस. खांब तोच, यंत्र तेच, तरी नोव्हेंबरातला आणि मार्चमधला आकडा एकमेकांशी ताडून पाहता येत नाही, कारण मधल्या काळात तोड झालेली असते. उभ्या पिकावरून वाहताना वाऱ्याला जमीन जणू वर सरकलेली भासते. हे सरकणं पिकाच्या उंचीच्या सुमारे दोन तृतीयांश आणि पृष्ठभागाचा खरखरीतपणा उंचीच्या सुमारे एक दशांश धरतात. ३ मीटर उसासाठी जमीन २ मीटर वर सरकते, म्हणजे तुमचा १० मीटरचा खांब खऱ्या अर्थाने ८ मीटरचा उरतो, आणि खरखरीतपणाची लांबी ०.३ मीटर होते. तोड झालेल्या मोकळ्या रानात तीच लांबी ०.०३ मीटरच्या आसपास असते. ६० मीटर उंचीवर वारा दोन्ही वेळेला सारखाच आहे असं धरून लॉगॅरिदमच्या नियमाने हिशेब केला, तर मोकळ्या रानात १० मीटरवर वरच्या वेगाच्या ७६ टक्के वेग मिळतो आणि उभ्या उसात ६२ टक्के. म्हणजे वारा बदलला नसतानाही उसामुळे आकडा जवळपास १८ टक्के कमी येतो. पवनऊर्जा वेगाच्या घनावर चालते, त्यामुळे तिथे हा फरक थेट निम्म्याच्या घरात जातो.

उपाय एकच: नोंदवहीत दर पंधरवड्याला चारही दिशांच्या पिकाची उंची लिहा, लागण आणि तोड यांच्या तारखा लिहा, आणि पुढे वेगाचं विश्लेषण करताना ‘ऊस उभा’ आणि ‘रान मोकळं’ असे दोन गट वेगळे ठेवा. खांबापासून निदान ३० मीटरपर्यंत भुईमूग, सोयाबीन असं बुटकं पीक ठेवता आलं तर फारच उत्तम.

खांबासाठी ५०, ४० आणि ३२ मिलिमीटरचे जीआय पाइप एकात एक घालून १० मीटर उंची गाठता येते. सांध्यात निदान ३० सेंटिमीटर पाइप आत जाऊ द्या आणि आरपार दोन बोल्ट मारा. ताणाच्या तारा दोन उंचींवर, प्रत्येक ठिकाणी १२० अंशांवर तीन; खुंट्या बुंध्यापासून सुमारे ६ मीटरवर. तीनपैकी एक तार बरोबर पश्चिमेला घ्या, पावसाळ्यात सगळा भार तिच्यावर येतो. बुंध्याला बिजागरी करा. ही बिजागरी चैन नाही: वर्षातून दोनदा तरी खांब खाली घ्यावा लागतो, आणि शिडीवर चढून यंत्र पुसणं धोक्याचं आहे. यंत्र खांबाच्या टोकावरच बसवा, बाजूच्या आडव्या दांड्यावर नाही, नाहीतर एका दिशेचा वारा खांबाच्या आड येतो.

माती बघून खुंटी रोवा. चिक्कोडी, अथणी, गोकाककडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; वरवर रोवलेल्या खुंट्या मार्चपर्यंत ढिल्या पडतात. तिथे मीटरभर खोल खड्ड्यात काँक्रीट घाला आणि जूनच्या आधी व फेब्रुवारीनंतर टर्नबकल (तारेचा ताण वाढवणारा स्क्रू) आवळा. खानापूर, जांबोटीकडच्या जांभ्यात खुंटी घट्ट बसते, पण अर्थिंग नीट होत नाही. कोरड्या जांभ्याचा विद्युतरोध जास्त असतो, म्हणून दोन-तीन रॉड एकमेकांपासून रॉडच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर ठोकून जोडावे लागतात. वळिवाच्या विजा एप्रिल-मेमध्येच पडतात, तेव्हा माती सर्वांत कोरडी असते. वीजरोधक दांडा यंत्रापेक्षा उंच हवा, पण यंत्राला खेटून नको. खांबाची उतरण जाड तांब्याच्या पट्टीने थेट मातीत, आणि सिग्नलच्या तारेला दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला झटका मातीत वळवणारा भाग).

उत्तर कुठे आहे

यंत्रावर उत्तरेची खूण असते. ती खऱ्या उत्तरेकडे हवी. होकायंत्र वापरायचं तर जीआय पाइप, विजेचा खांब आणि मोटर यांपासून १० मीटर लांब उभं राहून वापरा. या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराच्या आसपासच फरक आहे, तेव्हा त्याची फार चिंता नको. लोखंडामुळे येणारी १०-१५ अंशांची चूक जास्त घातक.

त्याहून चांगली रीत उन्हाची. बेळगावचं रेखांश ७४.५ अंश पूर्व, भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंशांची. ८ अंशांचा फरक, अंशाला ४ मिनिटं, म्हणून इथे सूर्य मध्यावर येतो तो १२ वाजून ३२ मिनिटांच्या मागेपुढे. अथणीत १२:३०, बिदरमध्ये १२:२०. यात तारखेनुसार दुरुस्ती करायची: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं आधी, फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटं उशिरा, आणि २५ डिसेंबरच्या आसपास दुरुस्ती जवळपास शून्य. त्या क्षणी ओळंब्याच्या दोरीची सावली बरोबर उत्तर-दक्षिण पडते.

ही रीत डिसेंबर-जानेवारीतच वापरा. बेळगाव १५.८ अंश अक्षांशावर असल्याने मार्चमध्ये दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो आणि सावली मिनिटाला सुमारे १ अंश फिरते. डिसेंबरात मिनिटाला एक तृतीयांश अंशच. मेच्या पहिल्या आठवड्यात सावली पायाखाली जाते, आणि तिथून ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मध्यान्हीला आपल्या उत्तरेला असतो, म्हणजे सावली दक्षिणेकडे पडते. हे ध्यानात नसेल तर यंत्र १८० अंशांनी उलटं बसतं.

खांब उभा केल्यावर खूण दोन-चार अंशांनी सरकलेली आढळेलच. ती हातोडीने जुळवत बसू नका. लांबच्या एखाद्या ठळक वस्तूची, मंदिराच्या कळसाची किंवा टाकीची, उपग्रह नकाशावरून दिशा काढा, यंत्र तिच्याशी ताडून पाहा, जो फरक येईल तो तारखेसह नोंदवहीत लिहा आणि विश्लेषणात वजा करा. लॉगरमध्ये, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या उपकरणात, दुरुस्ती भरू नका. पुढे कुणी ‘आधीच केली आहे का?’ असं विचारलं तर उत्तर देणारं कुणी नसतं.

शेवटची तपासणी: खांबावर एक हलकी फीत बांधा आणि वारा स्थिर असताना पाच मिनिटं फितीची दिशा आणि यंत्राचा आकडा शेजारी शेजारी लिहा. यंत्र वारा कुठून येतो ते सांगतं, फीत वारा कुठे जातो ते दाखवते. जुलैत तुमच्या नोंदींत ‘पूर्वेचा वारा’ ठळक दिसला, तर मान्सून उलटा फिरला नाही, खूण उलटी आहे.

तारा, वीज, लॉगर

यंत्राचे आकडे संगणकापर्यंत नेण्याच्या पद्धतींपैकी आरएस-२३२ ची तार १५ मीटरच्या पुढे नेऊ नये, आणि १० मीटरचा खांब उतरेपर्यंतच निम्म्याहून जास्त तार संपते. म्हणून आरएस-४८५ किंवा आरएस-४२२ घ्या: पीळ असलेल्या जोडतारा, बाहेर जाळी, जाळी एकाच टोकाला अर्थ केलेली. लांब तारेच्या शेवटाला १२० ओहमचा रोधक. आकडेच येत नसतील तर पहिल्यांदा ए आणि बी तारा अदलाबदल करून पाहा. ही अक्षरं वेगवेगळे उत्पादक उलटसुलट लावतात. पंपाच्या मोटरच्या केबलसोबत एकाच पाइपातून सिग्नलची तार नेऊ नका. शेतीची लाइन आली आणि स्टार्टर पडला की त्याच क्षणी नोंदींत कचरा दिसतो; ओलांडणं भाग असेल तर काटकोनात ओलांडा.

सौर पॅनेलचा हिशेब पावसाळ्यावर करा. यंत्र आणि छोटा संगणक मिळून दीड वॅट खात असतील तर दिवसाला ३६ वॅट-तास लागतात. जुलैत खानापूरच्या बाजूला सलग ढगाळ दिवस येतात, तेव्हा पाच दिवसांची बेगमी धरली तर १८० वॅट-तास. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणून १२ व्होल्ट ३० अँपिअर-तास. पॅनेल ४० ते ५० वॅटचं, आणि ते वाऱ्याच्या खांबावर नव्हे, वेगळ्या बुटक्या खांबावर.

विंडसॉनिकची नेहमीची ओळ अशी असते: आरंभाचं चिन्ह, यंत्राचं अक्षर, दिशा २२९, वेग ००२.७४, एकक मीटर, स्थिती ००, शेवटाचं चिन्ह, मग दोन अंकी पडताळा. ओळ संपल्याच्या दोन न दिसणाऱ्या चिन्हांसह ही सगळी २४ अक्षरं. सेकंदाला ४ ओळी म्हणजे ९६ अक्षरं, आणि ९६०० बॉडची लाइन सेकंदाला ९६० अक्षरं वाहते, म्हणजे जागा भरपूर. पडताळा म्हणजे आरंभ आणि शेवट यांच्यामधल्या सर्व अक्षरांचा एक्सऑर (अक्षरांचे बिट एकमेकांशी ताडण्याची संगणकी क्रिया). वरच्या ओळीचा तो सोळाच्या पद्धतीत १६ येतो. आपला प्रोग्राम या ओळीवर आधी तपासून घ्या. स्थिती ०१ म्हणजे पहिला अक्ष बंद, ०२ दुसरा, ०४ दोन्ही. वारा ०.०५ मीटरच्या खाली गेला की दिशेची जागा रिकामी येते; प्रोग्रामने तिथे शून्य भरलं तर पहाटेच्या प्रत्येक निवांत क्षणी तुमच्याकडे खोटा उत्तरेचा वारा जमा होतो. ही चूक फार ठिकाणी आढळते आणि वाऱ्याच्या गुलाबात (कुठल्या दिशेने किती वेळा वारा आला हे पाकळ्यांनी दाखवणाऱ्या आकृतीत) उत्तरेला एक बारीक, न हलणारा काटा दिसला की ओळखावी.

ओळ जशी आली तशी साठवा, पुढे फक्त वेळ जोडा. सरासरी लॉगरमध्ये काढून मूळ ओळी टाकून देऊ नका. दिवसाला ३,४५,६०० ओळी, वेळेसकट सुमारे १७ मेगाबाइट, वर्षाला ६ गिगाबाइटच्या थोडं वर. आजच्या काळात ही जागा काहीच नाही. दर दिवसाची वेगळी फाइल करा. वीज अचानक गेली तर एका दिवसाचंच नुकसान होतं. कार्डावर प्रत्येक ओळ न लिहिता मिनिटाचा गठ्ठा लिहा, कार्ड जास्त टिकतं.

लॉगर म्हणून वापरल्या जाणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पाचव्या आवृत्तीआधीच्या मॉडेलांत घड्याळ नाही. इंटरनेट नसेल तर डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल लावा. त्याच्या स्वस्त पाट्यांवर चार्जिंगचा मार्ग असतो आणि ५ व्होल्ट दिले की साधा सीआर२०३२ सेल फुगतो, एकतर ३.३ व्होल्टवर चालवा किंवा चार्जिंगचा रोधक काढून टाका. वेळ लिहिताना पुढे +०५:३० लिहा. सांबऱ्याच्या विमानतळ नोंदींशी तुलना करायची असेल तर त्या जागतिक वेळेत, नॉटमध्ये आणि दिशेला १० अंशांच्या पायऱ्यांत असतात: १०:३० म्हणजे आपले दुपारचे ४, आणि १ नॉट म्हणजे सेकंदाला ०.५१४ मीटर.

यंत्राची तार यूएसबीला जोडणाऱ्या सीएच३४० चिपच्या दोन पट्ट्या एकाच संगणकाला लावल्या तर त्यांना वेगवेगळे अनुक्रमांक नसतात, आणि रीस्टार्टनंतर नावं बदलून एका यंत्राचा डेटा दुसऱ्याच्या फाइलीत जातो. कुठल्या भोकात पट्टी आहे त्यावरून नाव ठरवणारी सोय वापरा.

कचरा वेचणं

सर्वांत जास्त त्रास पाऊस, कोळी आणि पक्षी यांचा. ट्रान्सड्यूसरवर थेंब बसला की एखाद-दुसरी नोंद एकदम ३० मीटर दाखवते. अशी खोटी उडी सेकंदाला ४ नोंदींच्या हिशेबात १ ते ३ नोंदींत संपते. खरा झोत काही सेकंद टिकतो. म्हणून चाळणी अशी लावा: आजूबाजूच्या ५ मिनिटांचा मध्यक काढा, त्यापासूनच्या विचलनांचाही मध्यक काढा, त्याच्या सहा-सात पटींहून दूर असलेली आणि सलग ३ किंवा त्याहून कमी नोंदी टिकलेली उडी बाद करा. ३ च्या पुढे टिकली तर हात लावू नका. वळिवाचा पहिला तडाखा नेमका असा दिसतो आणि साध्या चाळणीत तोच आधी उडतो.

पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोळी दांड्यांमध्ये जाळं विणतात. दव पडलं की जाळं ओलं होतं, पहाटे स्थिती ०१ किंवा ०४ येते आणि नऊ-दहाला ऊन लागल्यावर आपोआप ठीक होते. रोज त्याच वेळी बिघडणारं यंत्र बिघडलेलं नसतं, मळलेलं असतं. पक्षी मात्र तासन्तास बसतात. वर बारीक काटे लावले तर कोतवाल आणि घारी दुसरी जागा शोधतात. केबल ग्लँड घट्ट नसेल तर जंक्शन बॉक्सात गांधीलमाश्या घर करतात.

खांब खाली घेतला की शून्याची तपासणी करा: आतून स्पंज लावलेल्या खोक्यात यंत्र बंद खोलीत ठेवा, पंखा बंद. आकडा ०.१ मीटरच्या आत राहिला पाहिजे. यंत्र ध्वनीचा वेग देत असेल तर तोही पाहा: कोरड्या हवेत २० अंशांना ३४३.४ मीटरच्या आसपास. पावसाळ्यात यावरून काढलेलं तापमान थर्मामीटरपेक्षा जवळपास ३ अंश जास्त येईल. तो दोष नाही, दमट हवेत ध्वनी थोडा वेगाने जातो एवढंच.

सरासरी

१० मिनिटांचे गट करा: सेकंदाला ४ प्रमाणे २४०० नोंदी, त्यांतल्या निदान २१६० चांगल्या असतील तरच गट धरा. गटाला दिलेली वेळ सुरुवातीची की शेवटची हे एकदा ठरवा आणि फाइलीच्या माथ्यावर लिहा. झोत म्हणजे ३ सेकंदांच्या, म्हणजे १२ नोंदींच्या, सरकत्या सरासरीतला सर्वांत मोठा आकडा. एकट्या सर्वोच्च नोंदीला झोत म्हणू नका.

दिशेची साधी सरासरी कधीही काढू नका. ३५५, ५, १५, २५ यांची साधी सरासरी १०० येते, खरी १०. आपल्याकडे ही चूक लपून राहते, कारण पावसाळाभर वारा २४० ते २८० अंशांत असतो आणि साधी सरासरीही बरोबर दिसते. नोव्हेंबरात वारा उत्तर-ईशान्येला फिरला की तोच प्रोग्राम आग्नेयेचा वारा दाखवू लागतो. प्रत्येक नोंदीचे साइन आणि कोसाइन काढा, त्यांची वेगवेगळी सरासरी घ्या, मग उलट टँजंटने दिशा काढा. दिशेचं विचलनही त्याच दोन सरासरींवरून निघतं: दोघींच्या वर्गांची बेरीज १ मधून वजा करून वर्गमूळ घ्या, त्याचा उलट साइन, गुणिले (१ अधिक ०.१५४७ गुणिले त्या वर्गमूळाचा घन). यामार्टिनोची ही रीत आहे आणि ती पुरेशी अचूक आहे. उत्तर रेडियनमध्ये येतं, ५७.३ ने गुणा. वेग ०.५ मीटरच्या खाली असलेल्या नोंदी दिशेच्या हिशेबातून वगळा, वेगाच्या हिशेबातून नाही.

वेगाच्या दोन सरासऱ्या ठेवा: नुसत्या आकड्यांची आणि सदिशांची, म्हणजे वेगासोबत दिशाही धरून काढलेली. दुसरी भागिले पहिली १ च्या जवळ असेल तर वारा एका दिशेने वाहतोय. मे महिन्यातल्या वळिवात पश्चिमेचा वारा मिनिटाभरात पूर्वेचा होतो. त्या १० मिनिटांत नुसती सरासरी ६ मीटर आणि सदिश सरासरी १ मीटर अशी येऊ शकते. हे गट वेगळे काढा आणि त्यांच्या मूळ ओळी उघडा, खरी गोष्ट तिथेच असते.

गुलाब आणि महिन्यांचा तक्ता

वाऱ्याचा गुलाब काढताना १६ पाकळ्या, प्रत्येक २२.५ अंशांची, आणि उत्तरेची पाकळी ३४८.७५ पासून ११.२५ पर्यंत. ० पासून सुरू करणारा गुलाब ११ अंशांनी फिरलेला असतो. दहा-दहा अंशांत लिहिलेला जुना डेटा मात्र १६ पाकळ्यांत टाकू नका: काहींच्या वाट्याला दोन आकडे येतात, काहींच्या तीन, आणि खोटी शिखरं उगवतात. त्याला १२ किंवा ३६ पाकळ्या घ्या.

वर्षभराचा एकच गुलाब आमच्या मते या भागासाठी निरुपयोगी आहे. पश्चिमेचा जोरदार पावसाळा आणि पूर्वेचा मंद हिवाळा एकत्र केले की दोन्हींची ओळख जाते, आणि वर्षाची सदिश सरासरी तर एकमेकांना खाऊन टाकते. जून-सप्टेंबर, ऑक्टोबर-नोव्हेंबर, डिसेंबर-फेब्रुवारी आणि मार्च-मे असे चार गुलाब करा. त्याहून बोलका तक्ता म्हणजे २४ तास आडवे आणि १२ महिने उभे, प्रत्येक घरात सरासरी वेग आणि दिशा. एप्रिल-मेच्या ओळीत दुपारनंतर वारा पश्चिमेला फिरून जोर धरताना दिसेल. औषध फवारणीची वेळ, तुषार सिंचन, मळणीचं उफणणं यांची उत्तरं त्याच घरांत आहेत. फवारणीसाठी सेकंदाला १ ते ४ मीटरच्या घरांना हिरवा रंग द्या. अगदी पडलेला वारा फवारणीला चांगला असं समजू नका. निरभ्र पहाटे थंड हवा जमिनीलगत साचलेली असते आणि बारीक थेंब तसेच तरंगत शेजारच्या रानात जातात.

पवनचक्कीसाठी हिशेब करायचा तर सरासरी वेगाचा घन घेऊ नका, घनांची सरासरी घ्या. एक तास ४ आणि एक तास ८ मीटर वारा असेल तर सरासरी ६, तिचा घन २१६. पण घनांची सरासरी २८८, एक तृतीयांश जास्त. हवेची घनताही समुद्रसपाटीची धरू नका. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, २५ अंशांना इथे घनमीटरला सुमारे १.०८ किलो हवा असते, माहितीपत्रकातल्या १.२२५ पेक्षा १२ टक्के कमी. विक्रेत्याचा आलेख आधी या घनतेला उतरवून घ्या. १० मीटरवरून ५० मीटरचा वेग काढताना एक सप्तमांशाचा घातांक वापरून २६ टक्के वाढ धरण्याची रीत मोकळ्या माळासाठी ठीक आहे. उभ्या उसाच्या पट्ट्यात ती वाढ कमी पडते, कारण तिथे खालचाच वेग दबलेला असतो. शक्य असेल तर दुसरं यंत्र २० मीटरवर लावून दोन आकड्यांवरून घातांक स्वतःच काढा, आणि तोही ‘ऊस उभा’ आणि ‘रान मोकळं’ असा वेगवेगळा.